भोपळ्याचा लिलाव आणि पहिली आज्ञा

मा. संपादक,

सप्रेम सलाम.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, व्यापारी सोयाबीनच्या वजनातून जी कपात करतात त्या कडत्यावरून आपल्या वाचकपत्रांत मध्यंतरी जी जुंपली होती, ती मी एकही अंक न चुकवता वाचली. एका गृहस्थांनी व्यापाऱ्यांना देवाचं भय घातलं. दुसऱ्यांनी त्यांना सुनावलं, की देवधर्म घरी ठेवा, मोंढ्यात भाव आणि ओलावा सोडून तिसरं काही बोलू नका. मी जालन्याच्या मोंढ्यात मापाडी, म्हणजे आलेला माल मोजून देणारा, होतो. सगळी हयात काट्यापुढे गेली. बाप त्याच मोंढ्यात हमाली करायचा. तेव्हा या भांडणात तोंड घालायचा थोडाफार हक्क मला आहे, असं मी धरून चालतो.

दुसऱ्या गृहस्थांची चीड मला कळते. देवाचं नाव घेऊन गल्ला उघडणारी माणसं सगळ्याच धर्मांत आहेत, आणि गल्ला उघडून झाला की ते नाव दिवसभर कुठे जातं, हेही मोंढ्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण म्हणून देवाला मोंढ्याच्या फाटकाबाहेर बसवून ठेवायचं, हे मला पटत नाही. मी ख्रिस्ती आहे. माझा रोख व्यापाऱ्यांवर कमी आणि आमच्यावर, रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्यांवर, जास्त आहे. कोणाला हा धर्मप्रचार वाटत असेल तर त्यांनी पत्र पुढे वाचावं. आमची शोभा वाढेल असं त्यात फारसं काही नाही.

'तू आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे वाक्य येशूचं म्हणून पुष्कळांना माहीत असतं. ते त्याच्या कितीतरी आधीचं आहे, मोशेच्या नियमशास्त्रातलं. लेवीय नावाच्या पुस्तकात, 19 व्या अध्यायात. आमच्या घरोघरी ते कॅलेंडरवर असतं, एकटंच, खाली फुलांचं चित्र. मूळ अध्यायात मात्र ते एकटं नाही. त्याच्या आगेमागे काय आहे ते सांगतो. पीक कापताना शेताचे कानेकोपरे कापून नेऊ नका, पडलेलं वेचायला परत फिरू नका. ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मजुराची मजुरी सकाळपर्यंत तुमच्यापाशी राहता कामा नये. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. न्याय करताना गरीब म्हणून बाजू घेऊ नका आणि मोठा म्हणून भीड धरू नका. मग ते शेजाऱ्याचं वाक्य. पुढे, तुमच्यात येऊन राहिलेल्या परदेशी माणसावरही स्वतःसारखीच प्रीती करा. आणि अध्याय संपता संपता काय, तर तागडी खरी ठेवा, वजनं खरी ठेवा, धान्याचं माप आणि तेलाचं माप खरं ठेवा. यातल्या बहुतेक कलमांनंतर 'मी परमेश्वर आहे' असं बजावलेलं आहे.

म्हणजे ज्याला आपण प्रेम म्हणतो आणि नाताळच्या केकबरोबर वाटतो, ते या अध्यायात खळ्यावर, मजुराच्या पगारात आणि काट्यावर आहे. देव मोंढ्यात नको, असं म्हणणाऱ्या गृहस्थांना माझं एवढंच सांगणं, की तो तिथे आपल्या परवानगीने आलेला नाही.

काट्यावर अन्याय करायला वजनं खोटी असावी लागत नाहीत. काटा आता इलेक्ट्रॉनिक आहे, त्यावर वैधमापनशास्त्र खात्याचा शिक्का असतो. पण बारदान हलकं असलं तरी त्याचं वजन सरसकट जड धरता येतं. आकडा स्थिर व्हायच्या आत पुकारता येतो. नमुना बघायचा म्हणून येणारा जाणारा मूठ भरून घेतो, ती मूठ पोत्यात परत जात नाही. ओलावा बघायच्या यंत्रात पोत्याच्या कुठल्या थरातले दाणे घालायचे, हे ज्याच्या हातात यंत्र त्याच्या मनावर. हमीभावाच्या खरेदीला सोयाबीनचा ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जे पाणी झालं, त्यानंतर तो 12 च्या आत आणणं म्हणजे काय हे शेतकऱ्याला विचारा. तो बिचारा टेम्पोचं भाडं चढतं आहे म्हणून घाईत असतो, दोन रात्री जागलेला असतो, बोलत नाही. शंभर पोत्यांमागे पोत्याला अर्धा किलो इकडचा तिकडे झाला तर पन्नास किलो झाले. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल. म्हणजे 2,664 रुपये. एका बाईने किती दिवस उन्हात खुरपणी केली म्हणजे एवढे मिळतात, ते आपले वाचक मोजतील.

माझा बाप गावाकडे पायलीने ज्वारी मोजायचा तेव्हा पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचा. लाभ, दोन, तीन. सगळीकडेच तशी रीत होती. घेताना शीग लावून आणि देताना हात फिरवून सपाट, ही रीतही सगळीकडेच होती. येशू म्हणतो, द्या म्हणजे तुम्हांला दिलं जाईल, चांगलं माप, दाबून, हालवून आणि शीग भरून. आमच्या पाळकसाहेबांनी या वचनावर मोठी मोठी प्रवचनं दिली, दशमांश, म्हणजे मंडळीला द्यायचा मिळकतीचा दहावा हिस्सा, वाढवायला बहुधा याच वचनाचा उपयोग होतो. बापाला मात्र ते ऐकताना हसू यायचं. म्हणायचा, ज्याने हे सांगितलं तो पोरगा कधीतरी बाजारात उभा राहिलेला आहे.

आता पहिल्या आज्ञेकडे येतो. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, 12 व्या अध्यायात एक शास्त्री येऊन येशूला विचारतो, सगळ्यांत पहिली आज्ञा कोणती? त्याने एकच मागितली होती. येशूने दोन दिल्या. पहिली मोशेच्याच अनुवाद नावाच्या पुस्तकातली: आपला देव परमेश्वर ह्याच्यावर पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने व पूर्ण शक्तीने प्रीती कर. आणि लगेच, न विचारता, दुसरी शेजाऱ्याची. शास्त्री माणूस प्रामाणिक होता. तो म्हणाला, गुरुजी, खरं बोललात, सगळ्या होमांपेक्षा आणि यज्ञांपेक्षा हे मोठं आहे. येशू त्याला म्हणाला, 'तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस.'

या वाक्यापाशी मी दरवेळी थांबतो. शास्त्र्याचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं, तरी त्याला 'आत आलास' असं म्हटलेलं नाही. दूर नाहीस, एवढंच. आमच्या मंडळीत अशी दूर नसलेली माणसं पुष्कळ आहेत. मीही बहुधा त्यांच्यातलाच. वचनं पाठ, अध्याय-ओवी तोंडावर, आणि 'पूर्ण शक्तीने' म्हणताना आवाज खणखणीत. पण माणसाची शक्ती रविवारी दीड तासात खर्च होते का? ती होते शेतात, दुकानात, घरात भाऊबंदांशी भांडण्यात. पहिली आज्ञा शक्तीही मागते, म्हणजे सोमवार ते शनिवार मागते, आणि तिथे समोर शेजारीच उभा असतो. दुसरा कोण असणार?

हे कोरडं वाटत असेल तर भोपळ्याची गोष्ट सांगतो.

सुगी झाली की आमच्याकडे उपकारस्तुतीची उपासना होते. लोक आपल्या पिकातलं पहिलं घेऊन येतात. ज्वारीची कणसं, बोंडासकट कपाशीचं झाड, मोसंब्यांची टोपली, अंडी, पाय बांधलेला कोंबडा, ज्यांना शेत नाही त्यांच्या घरचं लोणचं. सगळं वेदीपुढे मांडतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं होतात, प्रार्थना होते, आणि मग अंगणात त्या वस्तूंचा लिलाव. लिलाव पुकारायचं काम माझ्याकडे, कारण आवाज मोंढ्यातला. मोसंब्या चारशेला जातात, कोंबडा हजाराला, लोक देवासाठी म्हणून जास्त देतात, सगळे हसतखेळत असतात.

काही वर्षांमागे एक भोपळा आला. चांगला होता, पण भोपळाच. शंभरापासून सुरू केला. दोनशे झाले, चारशे झाले, मग एकेक जण गप्प झाला आणि दोनच आवाज उरले. दोघे सख्खे भाऊ. एक उजवीकडे लिंबाखाली, दुसरा डावीकडे पायऱ्यांवर. त्यांच्यात बांधाचा वाद, तहसीलमध्ये तारखा चालू, एकमेकांच्या घरचं पाणी बंद. हजार. बाराशे. थोरला बोली बोलताना माझ्याकडे बघत होता, धाकटा थोरल्याकडे. दोन हजार एकशे. पोरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पाळकसाहेब पहिल्यांदा हसले, मग त्यांनी हातातला शुभवर्तमानाचा कागद उगाच घडी घालून खिशात ठेवला. साडेतीन हजाराला धाकटा थांबला. थोरल्याने तिथल्या तिथे नोटा मोजल्या. खजिनदारांनी पावती फाडली. मग धाकट्याने पुढचा कोंबडा दुप्पट भावाने घेतला, कोणी बोली वाढवत नसताना.

त्या वर्षी लिलाव विक्रमी झाला. पाळकसाहेबांनी रकमेवर हात ठेवून आभार मानले.

आता यातला जो भाग पावतीवर नाही, तो सांगतो. त्या दोन भावांची विहीर सामाईक, त्यात तिसरा वाटा एका विधवा बाईचा. ती आमच्या मंडळीची नाही. भावाभावांत मोटारीच्या पाळीवरून झालं होतं, एकाने स्टार्टरची पेटी कुलूप लावून बंद केली होती, दुसऱ्याने केबल काढून नेली होती. बाईची दीड एकर मोसंबी. झाडाला आंबेबहार धरलेला, आणि पाणी नाही. तिने दोघांच्या दारात जाऊन सांगून पाहिलं. थोरल्याने सांगितलं त्याच्याकडे जा, धाकट्याने सांगितलं याच्याकडे जा. मोसंबीचं पान पाण्यावाचून कसं होतं ते ज्याने बघितलं त्याला माहीत आहे. आधी आतल्या बाजूला वळतं, द्रोण होतो त्याचा, मग हात लावला की चुरा. मी ते झाड बघायला गेलो होतो, लिलावानंतर. बाई म्हणाली, भाऊ, तुमच्या चर्चमधी भोपळा साडेतीन हजाराला गेला म्हणं. खरं का?

मत्तयाच्या शुभवर्तमानात 5 व्या अध्यायात येशूने यावर इतकं स्पष्ट सांगून ठेवलं आहे, की मला प्रवचनाची गरज वाटत नाही. तू वेदीपाशी आपलं दान आणलंस आणि तिथे तुला आठवलं, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये आणि दान दे. लक्षात घ्या, 'तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध' असं नाही. 'त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध' असं आहे. आणि दान घरी न्या असंही नाही. ते वेदीपुढे तसंच पडू द्या. भोपळा पडला तर काय होतंय, आठ दिवस टिकतो.

मी त्या भावांना नावं ठेवत नाही. एरवी दोघंही चांगले. थोरला कोणाच्याही मयताला पहिला हजर. धाकट्याच्या घरी रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना. पण आमच्या सगळ्यांच्या हिशेबात देवाचं खातं वेगळं आणि शेजाऱ्याचं वेगळं झालं आहे, आणि एकातली थकबाकी दुसऱ्यात दिसत नाही. योहान आपल्या पत्रात म्हणतो, की डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर ज्याची प्रीती नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येणार नाही. 'कठीण आहे' म्हणत नाही तो, 'येणार नाही' म्हणतो.

मोंढ्यातली एक आठवण इथे लिहिलीच पाहिजे, कारण ती आमच्या माणसाची नाही. दिवसाचे व्यवहार आटोपले की फलाटावर बाया यायच्या, खराटा, चाळणी आणि सूप घेऊन. सांडलेलं मातेरं झाडायचं, चाळायचं, पाखडायचं, त्यातून दोन वेळची सोय. एक आडत्या असा होता, की पोत्यांखाली ताडपत्री अंथरायचा आणि ती स्वतः झटकायचा. दाणा दाणा माझा. दुसरा एक व्यापारी होता, म्हातारा, सफेद टोपी. ना आमच्या धर्माचा, ना त्या बायांच्या. त्याची खरेदी झालेली पोती थप्पीला लागताना तो हमालाला सांगायचा, आकडा जरा जोरात मार. हमालाच्या हातातला लोखंडी आकडा पोत्याला असा लागला की चिमटीएवढं भोक पडतं आणि पोतं पाठीवरून जाईपर्यंत धार लागते. शेतकऱ्याच्या पोत्याला नव्हे, माप होऊन पैसे चुकते झाले की मगच. मापाडी म्हणून एवढं मी बघायचो. बाया काही बोलायच्या नाहीत, तोही त्यांच्याकडे बघायचा नाही.

बायबलात रूथ नावाची परकी विधवा शेतात सरवा वेचायला येते, तेव्हा बवाज आपल्या गड्यांना सांगतो, की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम ओढून टाका आणि तिला वेचू द्या, धमकावू नका. म्हाताऱ्याने हे पुस्तक कधी उघडलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्यापुढे आमचं 'सेवाकार्य' मला नेहमी जरा गडबडीचं वाटत आलं आहे. येशूनेही जेरुसलेमहून यरिहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला टाकलेल्या माणसाची गोष्ट सांगताना याजकाला आणि लेव्याला, म्हणजे मंदिरातल्या पुजाऱ्याला आणि सेवकाला, बाजूने जाऊ दिलं, आणि थांबवलं ते शोमरोनी माणसाला, ज्याच्याशी यहुदी व्यवहार ठेवत नसत. त्या शोमरोन्याचं मला सगळ्यांत काय आवडतं सांगू? त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले. दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. आणि म्हणाला, जास्त लागलं तर खर्च कर, परत येईन तेव्हा देईन. तेलपाणी करून, जखमा बांधून, स्वतःच्या जनावरावर घालून आणल्यावरही त्याने हिशेब मिटवला नाही. आम्ही घोंगडी दिली की फोटो काढतो आणि हिशेब मिटवतो.

त्या गोष्टीच्या आधीचा प्रश्न होता, 'माझा शेजारी कोण?' विचारणारा शास्त्रीच होता. त्याला हद्द कायम करून हवी होती, मोजणीवाल्याने दगड रोवून द्यावा तशी. पैठणच्या नाथमहाराजांची गोष्ट या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काशीहून आणलेलं कावडीतलं पाणी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात घातलं. रामेश्वराला नेत होते ते. आमच्यातले काही लोक म्हणतील, याने कशाला एकनाथांना मध्ये आणलं. मी आणलेलं नाही, गोदावरीच्या काठी राहिलो म्हणजे ते आहेतच. आणि ज्याच्या प्रभूने शोमरोन्याचं उदाहरण दिलं, त्याला नाथांचं द्यायला लाज का वाटावी?

मात्र याचा उलटा अर्थ काढणारेही मला भेटतात. म्हणतात, मग झालं तर, शेजाऱ्याशी नीट वागा, देवाबिवाची भानगड कशाला? त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण माझा अनुभव वेगळा आहे. मला जो शेजारी आवडतो त्याच्याशी नीट वागायला मला देव लागत नाही. जो आवडत नाही, जो कृतघ्न आहे, ज्याने माझ्याच घराची बदनामी केली, त्याचं पोतं काट्यावर आलं की हात जड होतो. फलाटावर तेव्हा कोणी बघत नसतं. पहिली आज्ञा मला तिथे लागते. दुसरं म्हणजे, चांगलं करून माणूस दमतो, आणि दमला की ज्याचं चांगलं केलं त्याच्यावरच चिडतो. मंडळीच्या दवाखान्यांतल्या, वसतिगृहांतल्या माणसांना विचारा. ज्यांचं गुडघे टेकणं सुटलं नाही ती माणसं जास्त टिकतात, असं माझं निरीक्षण आहे.

आमच्या तरुण संघात हल्ली 'आत्मिक वाढ' हा शब्द फार चालतो. शिबिरं होतात, औरंगाबादहून, पुण्याहून वक्ते येतात. (छत्रपती संभाजीनगर म्हणायला हवं, तोंडाला वळण पडलेलं आहे.) एक पोरगा मला एक छापील फॉर्म दाखवायला घेऊन आला. आठवड्यात किती अध्याय वाचले, किती वेळ प्रार्थना, उपास किती, साक्ष किती जणांना दिली. खाली बेरीज. मी हसलो नाही; मीही सकाळी वाचल्याशिवाय चहा घेत नाही आणि हिशेब ठेवणाऱ्या माणसाला मी कशाला हसू. येशूने परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, झाडलं ते पुदिना, शेप आणि जिरं यांचा दशमांश काढतात म्हणून नव्हे, तर न्याय, दया आणि विश्वास सोडून दिला म्हणून. हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं, असे त्याचे शब्द आहेत. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात वाढीची यादीच आहे. विश्वासापासून सुरू होते, मध्ये ज्ञान आहे, इंद्रियदमन आहे, सुभक्ती आहे, आणि ती पुढे सरकत बंधुप्रेमावर आणि प्रीतीवर जाऊन थांबते.

तर हाच पोरगा 2025 च्या पुरात आमच्याबरोबर होता. नदीकाठच्या एका वस्तीत घराघरांत गुडघाभर गाळ. किट वाटणारे बरेच आले, आमचाही फलक होता, त्यावर मंडळीचं नाव ठळक. किट घेताना एका बाईने पदर तोंडावर ओढून घेतला तर फोटो काढणारा म्हणतो, बाई, पदर काढा, चेहरा येऊ द्या. तो आमचाच माणूस. पोरगा तिथून निघून गेला. नंतर बघतो तर पलीकडच्या एका घरात हा आणि अजून दोघं फावड्याने गाळ काढताहेत. घर एका म्हाताऱ्या जोडप्याचं. धान्याच्या कणग्या फुटलेल्या, भिजलेली ज्वारी आंबून वास सुटलेला, त्याचा लगदा हाताने काढावा लागत होता. अंधार पडेपर्यंत काढला. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी मी सहज विचारलं, फॉर्म भरला का रे? म्हणाला, या आठवड्यात वाचन कमी झालं, काका, बेरीज खाली आली. गाळाला त्या फॉर्मात रकाना नव्हता.

आमचं हे असं पूर्वीपासून होतं असं नाही. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री नावाचे ब्राह्मण तरुण मुंबईत 1843 मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे पाळक होऊन निजामाच्या राज्यात जालन्याला आले. त्यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं. जवळ घेतली ती गावकुसाबाहेरची माणसं. देऊळ, म्हणजे चर्च, बांधलं, तशी शेतीही उभी केली, विहीर आणि शाळाही. माझा आजोबा त्या जमिनीवर राबलेला. उपासनेला कोण शेजारी बसतो आणि पाणी कोण कोणाच्या पोहऱ्याने पितो, हे तेव्हा एकाच प्रश्नाचे दोन भाग होते. कारण पाण्याचा प्रश्न सुटल्याशिवाय कोणी उपासनेला बसायलाच येऊ शकत नव्हतं. आज आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी नळ आहे, नोकरी आहे, निवृत्तिवेतन आहे. आता दुसऱ्याला पाणी द्यायची पाळी आमची. त्या मोसंबीवाल्या बाईची बाग वाचली का, असं कोणी विचारेल. अर्धी वाचली. टँकर तिने स्वतःच्या पैशांनी आणला.

पुढची सुगीची उपासना जवळ येते आहे. मंडळीच्या बैठकीत मी एक ठराव मांडणार आहे आणि तो इथे लिहितो, म्हणजे मागे घेता येणार नाही. भजनं झाली की अर्पणं वेदीपुढे आणायच्या आधी उपासना थांबवायची. ज्याच्याकडे कोणाची मजुरी राहिली आहे, ज्याने कोणाच्या मोटारीची केबल काढून ठेवली आहे, ज्याला कोणाच्या दारात जायचं राहिलं आहे, त्याने उठून जावं. बाकीच्यांनी बसून राहावं. परत येतील तसे अर्पण घ्यावं. पाळकसाहेबांना मी हे आधी बोलून दाखवलं. ते म्हणाले, अर्धे लोक परतच येणार नाहीत. एक पंच म्हणाले, तोवर स्वयंपाक निवून जाईल. मी म्हणालो, फोडणी उशिरा टाकायला सांगू.

आणि पहिलं नाव मंडळीचंच आहे. गेल्या सुगीच्या मंडपवाल्याचे पैसे अजून दिलेले नाहीत. खजिनदार म्हणतात, तो आपलाच आहे, मागत नाही. मागत नाही हे खरं, पण त्याच्याकडे खांब उचलणारी जी चार पोरं आहेत ती रोजंदारीवर आहेत. तो रविवारी सकाळी दुकान उघडं ठेवतो, हे मी विचारून घेतलं आहे. चर्चपासून चालत पाच मिनिटं.

आपला,
एक निवृत्त मापाडी,
जालना